माणसाचे जंतू, उंदराचे पोट

मालवण, कुडाळ, सावंतवाडी, कुठल्याही बाजारपेठेतल्या औषधांच्या दुकानात आता ‘चांगल्या जीवाणूं’च्या पुड्या आणि कॅप्सूल मिळतात. डॉक्टर अँटिबायोटिकच्या जोडीला त्या लिहून देतात आणि काही गिऱ्हाईक आपणहूनही मागून नेतात. मोबाइलवर तर रोज एक बातमी असते. पोटातल्या अमक्या जीवाणूमुळे वजन वाढते, तमक्यामुळे मन उदास होते, आणखी एखाद्यामुळे म्हातारपणी विसरायला होते. अशी बातमी शेवटपर्यंत वाचली, तर खालच्या कुठल्यातरी परिच्छेदात उंदीर सापडतोच. प्रयोग उंदरावर झालेला असतो आणि मथळा माणसाचा असतो.

माणसाच्या आतड्यातल्या जीवाणूंचा अभ्यास प्राण्यांवर करून काय हाती लागले आणि त्यावर कितपत भरवसा ठेवावा, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगतो. एखादी गोष्ट ‘कशी’ घडते हे प्राण्यांनी उत्तम सांगितले. ती माणसात घडते का, किती आणि कोणात, हे त्यांना फारसे सांगता आलेले नाही.

या कथेतला एक महत्त्वाचा अंक मुंबईत, परळला घडला. रोग होता पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा. रॉबर्ट कोख यांनी 1884 मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला, पण एक अडचण त्यांच्या मागे लागली. जंतू प्राण्यांना दिला तरी त्यांना पटकी होईना. निसर्गतः हा रोग माणसाचाच. विरोधकांना तेवढे निमित्त पुरले. 1892 मध्ये म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर यांनी जंतूंचे पाणी सरळ पिऊन दाखवले आणि थोड्याशा जुलाबांवर निभावले. त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन यांनी पॅरिसमध्ये पटकीची लस स्वतःला टोचून घेतली. जंतू पुन्हा पुन्हा गिनीपिगच्या उदरपोकळीत वाढवून त्यांनी तो जहाल केला होता. पोटात जंतू टोचलेला गिनीपिग मरे, पण त्याला जुलाब होत नसत. म्हणजे जंतू घातक आहे हे दिसे, पटकी मात्र दिसत नसे.

हाफकिन यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि 1925 पासून संस्थेला त्यांचेच नाव आहे. भोवती गिरणगाव, आणि गिरणगावात मालवण, देवगड, वेंगुर्ल्याहून आलेले चाकरमानी. बोटीने मुंबईला जाणाऱ्या कितीतरी सिंधुदुर्गवासीयांची खोली या संस्थेपासून हाकेच्या अंतरावर असायची. या संस्थेत एन. के. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी 1955 मध्ये सशाच्या पिलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठा ससा पटकीच्या जंतूला दाद देत नाही. पण अवघ्या काही दिवसांच्या, दूधपित्या पिलाच्या आतड्यात जंतू सोडला, तर त्याला माणसासारखे पाण्याचे जुलाब होतात आणि ते दगावते. औषधे तपासायला यामुळे माणसाच्या पटकीशी जुळणारा प्राणी मिळाला.

त्याच सुमारास कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दुसरी वाट काढली. ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. मोठ्या सशाला भूल देऊन त्याचे पोट उघडायचे. लहान आतड्याचा काही इंचांचा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून त्यात जंतू सोडायचे. शेजारच्या दुसऱ्या बांधलेल्या भागात नुसते मिठाचे पाणी सोडायचे आणि पोट शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पाहावे तर मिठाच्या पाण्याचा भाग चपटा असतो आणि जंतूंचा भाग पाण्याने टम्म फुगलेला असतो. पटकीच्या रोग्याला होतात त्या तांदळाच्या धुवणासारख्या जुलाबांचे हे पाणी. ही पद्धत 1953 ची. 1959 मध्ये डे यांनी जंतू गाळून काढले आणि जंतूंविना उरलेला द्रव आतड्यात सोडला. तरीही आतडे फुगले. याचा अर्थ, रोग जंतूच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या विषाचा होता. त्याच वर्षी दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी हाफकिन संस्थेतून सशाच्या पिलांवर तसाच निष्कर्ष मांडला. डे यांच्या कामाला नोबेल मिळायला हवे होते, असे जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारख्या नोबेलविजेत्याने पुढे बोलून दाखवले. डे हयात असताना देशात त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. आपल्याकडे हे नवे नाही.

पण मोठा ससा दाद का देत नाही? उत्तराचा एक भाग 1955 मध्येच आला, आणि तो अमेरिकेतून. रॉल्फ फ्रेटर यांनी गिनीपिगला स्ट्रेप्टोमायसिन देऊन त्याच्या आतड्यातले नेहमीचे जीवाणू दाबले. मग तोंडावाटे दिलेला पटकीचा जंतू त्याच्या आतड्यात तग धरू लागला आणि प्राणी मरू लागले. मार्जोरी बोनहॉफ आणि सहकाऱ्यांनी उंदरांत साल्मोनेलाबाबत हेच दाखवले. अँटिबायोटिक दिलेल्या उंदराला आजारी पाडायला लाखाच्या जागी मोजके जंतू पुरत. आतड्यातले रहिवासी जीवाणू आगंतुकाला थारा देत नाहीत, ही गोष्ट अशी प्राण्यांनीच शिकवली. आज अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक, म्हणजे ‘चांगले जीवाणू’, लिहून देण्यामागे हा जुना विचार आहे. दुकानातली ठरावीक पुडी हे काम खरोखर करते का, हा प्रश्न मात्र त्या प्रयोगांनी सुटत नाही.

दुसरा मोठा प्रवाह जंतुविरहित प्राण्यांचा. आतड्यातल्या जीवाणूंशिवाय प्राणी जगूच शकणार नाही, असा तर्क लुई पाश्चर यांनी 1885 मध्ये मांडला होता. दहा वर्षांतच बर्लिनमध्ये नटॉल आणि थिअरफेल्डर यांनी जंतुविरहित गिनीपिग काही दिवस जगवून दाखवला. पिढ्यान्‌पिढ्या असे प्राणी पाळायला मात्र विसावे शतक अर्धे उलटावे लागले. अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात जेम्स रेनियर्स यांनी पोलादी टाक्या बनवल्या आणि 1957 मध्ये ट्रेक्स्लर यांनी प्लास्टिकचे लवचिक तंबू आणले. तेव्हा कुठे हे काम इतर प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले.

अशा तंबूत जन्मलेल्या उंदराचे आयुष्य विचित्र असते. पहिली पिल्ले आईचे पोट कापून, निर्जंतुक हवेत काढतात. आत जाणारी हवा गाळलेली, खाणे आणि पाणी वाफेच्या दाबाखाली किंवा किरणांनी निर्जंतुक केलेले. माणसाचा हात आत जातो तो तंबूलाच जोडलेल्या जाड रबरी हातमोज्यातून. या उंदराचे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरचे आतडे, ज्याला अंधांत्र म्हणतात, नेहमीच्या कितीतरी पट फुगलेले असते. आतड्याची भिंत पातळ असते आणि प्रतिकारशक्ती अर्धवट वाढलेली असते. जीवाणू बनवून देतात ते व्हिटॅमिन के त्याला खाण्यातून द्यावे लागते. तंबूत एक जरी जीवाणू शिरला तरी महिन्यांची मेहनत वाया जाते.

या रिकाम्या पोटात हवे ते जीवाणू सोडता येतात, माणसाचेसुद्धा. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने या सोयीचा सर्वांत जास्त उपयोग केला. 2004 मध्ये त्यांनी जंतुविरहित उंदरांना साध्या उंदरांचे जीवाणू दिले. दोन आठवड्यांत त्या उंदरांच्या अंगावर 60 टक्के जास्त चरबी चढली, आणि गंमत म्हणजे ते आधीपेक्षा कमी खात होते. 2013 मध्ये त्यांनी माणसाच्या जुळ्या बहिणी घेतल्या, एक लठ्ठ आणि एक सडपातळ. लठ्ठ बहिणीचे जीवाणू मिळालेले उंदीर लठ्ठ झाले, सडपातळ बहिणीचे मिळालेले झाले नाहीत. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले, तर लठ्ठपणा थांबला. कारण उंदीर एकमेकांची लेंडी खातात आणि जीवाणू त्यातून पसरतात. अट एकच होती, खाणे कमी चरबीचे आणि फळेभाज्यांचे हवे. तेलकट खाण्यावर हा लाभ उडून गेला.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी हे प्रयोग उचलून धरले आणि सडपातळ माणसाच्या विष्ठेतून वजन उतरवायचे औषध मिळेल, अशी हवा झाली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधल्या दोन छोट्या चाचण्यांत लठ्ठ माणसांना सडपातळ दात्यांच्या विष्ठेच्या कॅप्सूल दिल्या. त्यांचे वजन उतरले नाही. मात्र अँटिबायोटिकनंतर पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबांवर विष्ठारोपण उत्तम चालते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत ते इतके सरस ठरले की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. तिथे मूळ प्रश्नच रहिवासी जीवाणू नाहीसे होण्याचा होता, फ्रेटर यांच्या गिनीपिगसारखा. लठ्ठपणा इतका सरळ नसतो.

उंदीर आणि माणूस यांत फरक तरी किती? उंदराच्या जठराचा अर्धा भाग ग्रंथी नसलेला असतो, आपला तसा नसतो. त्याचे अंधांत्र मोठे असून आंबवण्याचे बरेचसे काम तिथे चालते, आपले काम मोठ्या आतड्यात होते. अन्न त्याच्या पोटातून काही तासांत बाहेर पडते, आपल्याला दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. पित्तही वेगळे. त्याची पित्ताम्ले टॉरिनला जोडलेली, आपली बहुतांशी ग्लायसिनला, आणि त्याच्याकडे म्युरिकोलिक नावाचे एक आम्ल आहे, जे आपल्यात नसल्यासारखेच. 2005 च्या एका अभ्यासात उंदराच्या आतड्यात सापडलेल्या जीवाणूंच्या जनुकखुणांपैकी 85 टक्के अशा प्रजातींच्या होत्या, ज्या तोवर माणसात दिसल्या नव्हत्या. माणसाच्या पोटाला सरावलेला जीवाणू उंदराच्या पोटात टिकेलच असे नाही. जो टिकतो तोही कमी-जास्त प्रमाणात टिकतो.

2006 मध्ये जॉन रॉल्स आणि गॉर्डन यांनी हे फार देखण्या रीतीने दाखवले. त्यांनी उंदराचे जीवाणू झेब्रा माशात आणि झेब्रा माशाचे उंदरात सोडले. झेब्रा मासा म्हणजे आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांत आणि भातशेतीच्या पाण्यात राहणारा पट्ट्यापट्ट्यांचा बारीक मासा. त्याचे पिल्लू पारदर्शक असल्यामुळे आतड्यातले जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली हलताना दिसतात. जीवाणू दोन्ही ठिकाणी वसले. पण थोड्याच दिवसांत त्यांची मांडणी नव्या यजमानाच्या नेहमीच्या वस्तीसारखी होऊ लागली. पाहुण्यांनी घराचे वळण घ्यावे, तसेच. लठ्ठ माणसाचे जीवाणू उंदरात घातले की आपण माणसाचे पोट पाहत नसतो, उंदराने गाळून घेतलेले माणसाचे जीवाणू पाहत असतो. हे पथ्य शास्त्रज्ञांना ठाऊक असते, पण निबंध लिहिताना ते मागे पडते.

याहून वाईट चूक मोजण्याची आहे. एका पिंजऱ्यातले पाच उंदीर एकमेकांची लेंडी खाऊन एकसारखे होतात, म्हणजे हिशेबात ते पाच नसून एक आहेत. एका रोग्याची विष्ठा दहा उंदरांना दिली, तर रोगी दहा होत नाहीत. 2020 मध्ये जेन्स वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी माणसाचे जीवाणू उंदरांना देऊन केलेले 38 अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या 36 अभ्यासांत रोगाची लक्षणे उंदरांत ‘उतरली’ होती, मग मूळ रोग कुठलाही असो. शंभरातले पंच्याण्णव प्रयोग यशस्वी होणे हीच संशयाची जागा आहे. परीक्षेत सगळी मुले पहिल्या वर्गात आली, की शहाणा मुख्याध्यापक आधी प्रश्नपत्रिका तपासतो.

प्रयोगशाळेतला उंदीर स्वच्छही फार असतो. 2006 मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन 1412 नावाचे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना टोचले आणि सगळे मरणाच्या दारात पोहोचले. प्राण्यांवर ते निर्धोक ठरले होते. 2019 मध्ये स्टीफन रॉसहार्ट आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदराचे गर्भ रानउंदराच्या माद्यांमध्ये वाढवले. जन्मलेल्या पिल्लांना जनुके प्रयोगशाळेची आणि जीवाणू रानातले मिळाले. त्याच जातीच्या औषधाला हे उंदीर माणसासारखाच जोरदार प्रतिसाद देऊ लागले. माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांतले या विषयातले हे सर्वांत महत्त्वाचे काम.

खाण्याचा प्रश्न तर सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. ‘जास्त चरबीच्या आहाराचा परिणाम’ असे निबंधात लिहिलेले असते, तेव्हा बऱ्याचदा उंदराच्या 60 टक्के कॅलरी डुकराच्या चरबीतून आणि तेलातून आलेल्या असतात आणि तंतुमय अंश नावापुरता असतो. नारळाचा रस पातेलेभर ओतणारा मालवणी माणूसही इतके तेल खात नाही. उलट, खाण्याकडे नीट लक्ष दिलेले प्रयोगच सर्वांत पुढे गेले. 2013 मध्ये गॉर्डन यांच्या गटाने मलावीतल्या जुळ्या मुलांचे जीवाणू उंदरांना दिले. जोडीतल्या एकाला क्वाशिओरकोर हे कुपोषण झालेले, दुसऱ्याला नाही. उंदरांना त्यांनी मलावीचेच मक्याचे खाणे घातले. आजारी मुलाचे जीवाणू आणि मलावीचे खाणे दोन्ही एकत्र आले, तेव्हाच उंदीर वाळले.

त्यापुढचे पाऊल ढाक्यात पडले. तिथल्या आयसीडीडीआरबी संस्थेतील तहमीद अहमद यांच्यासोबत गॉर्डन यांच्या गटाने बांगलादेशी मुलांचे जीवाणू दिलेल्या उंदरांवर तिथल्याच बाजारातले पदार्थ तपासले. आशादायक ठरलेले मिश्रण जंतुविरहित डुकराच्या पिल्लांवर पाहिले, कारण सर्वभक्षी डुकराची आतडी आपल्याशी जास्त जुळतात. मग ते मुलांपर्यंत गेले. हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि हिरवे केळे असे ते मिश्रण. ढाक्याच्या मीरपूर वस्तीत मध्यम कुपोषित 123 मुलांवर तीन महिने झालेली चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या कुपोषण-पेस्टपेक्षा कमी कॅलरी असूनही या मिश्रणाने मुलांचे वजन जास्त चांगले वाढले. उंदीर, डुक्कर, मूल असा जिना पायरीपायरीने चढल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे माझ्या माहितीत नाही.

पटकीचा धागाही ढाक्यातून पुन्हा उचलला गेला. 2014 मध्ये अन्सेल हसियाव आणि गॉर्डन यांनी पटकीतून बरे होणाऱ्यांच्या विष्ठेत ‘रुमिनोकॉकस ओबियम’ हा जीवाणू हेरला आणि तो पटकीच्या जंतूला रोखतो हे उंदरांत दाखवले. 2020 मध्ये कारण पुढे आले. जंतूला चेतवणारे टॉरोकोलेट हे पित्ताम्ल हा जीवाणू मोडतो. इथे मात्र उंदीर आणि माणसाच्या पित्तातला वर सांगितलेला फरक विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रातले एक काम इथे नोंदवायला हवे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातून 1993 पासून आसपासच्या गावांतल्या आयांचा आणि मुलांचा अभ्यास चालवला. त्यातून ‘सडपातळ पण चरबीदार’ भारतीय बाळ जगासमोर आले. त्यामागचे कारण शोधताना आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 50 पिढ्या अर्धपोटी ठेवलेले उंदीर अभ्यासले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की या उंदरांच्या रक्तात ब-12 कमी आणि जीवाणूंच्या भिंतीतून सुटणारे एंडोटॉक्सिन जास्त होते. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खाऊ घातले, तरी बिघाड गेला नाही. 50 पिढ्यांचा प्रयोग माणसांवर कोण करणार? इथे प्राण्याला पर्याय नाही. एंडोटॉक्सिन नेमके कुठून, आतड्यातल्या कुठल्या जीवाणूंकडून आले, हा मात्र पुढचा धागा आहे.

कायद्याचा कलही बदलतो आहे. अमेरिकेने 2022 च्या शेवटी औषध मंजुरीसाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली आणि 2023 मध्ये भारतानेही आपल्या नियमांत प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा दिली. माणसाच्या पेशींपासून वाढवलेली इवलीशी आतडी, चिपवरची आतडी, बेल्जियमच्या गेंटमधले काचपात्रांचे कृत्रिम पोट, असे पर्याय तयार आहेत. यांतले कुठलेही यंत्र भूक, झोप, आई आणि पावसाळ्यातले पाणी जमेस धरत नाही. म्हणून प्राणी इतक्यात सुटत नाही. पण आधीच ठरलेले उत्तर सिद्ध करायला आणखी एक उंदीर मारणे हे विज्ञानाच्या आणि दयेच्याही हिशेबात बसत नाही.

समुद्राकाठच्या वाचकासाठी आणखी एक. जपानी लोकांच्या आतड्यातल्या एका जीवाणूला नोरी या समुद्री शेवाळातली साखर पचवायची जनुके समुद्रातल्या जीवाणूंकडून मिळाली आहेत. हे 2010 मध्ये उघड झाले. 2018 मध्ये स्टॅनफर्डमध्ये ती जनुके असलेला जीवाणू उंदरांच्या आतड्यात सोडला. ती साखर खाण्यात ठेवली, की तो खात्रीने टिकतो हे तिथे दिसले. आपल्या जेवणात शेवाळ नाही, पण उकड्या तांदळाची पेज आहे, कुळथाची पिठी आहे, बांगडा आहे. उकड्या भातातला न पचलेला पिष्टाचा भाग मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंचे खाद्य होतो. आणि इथल्या माणसाच्या आतड्यातले जीवाणू दिल्लीच्या किंवा डेन्मार्कच्या माणसासारखेच असतील, असे मानायला काही आधार नाही. भोपाळ आणि केरळच्या लोकांवरच्या 2019 च्या अभ्यासातसुद्धा एकाच देशात खाण्याप्रमाणे फरक दिसलेच.

तेव्हा मागणी साधी आहे. ओरोसला सिंधुदुर्गचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात जीवाणूंचा मोठा संग्रह आहे. उंदरांचा तंबू उभारायला पैसा आणि कौशल्य लागते. माणसाने काय खाल्ले याची रोजची नोंद आणि विष्ठेचे नमुने एवढ्यावर मात्र काम सुरू करता येते. पेज खाणारा आणि पेज सोडलेला असे दोन गट मालवण तालुक्यातच मिळतील. हे काम आधी व्हावे. मग त्यातून उठलेला एखादा नेमका प्रश्न उंदराला विचारावा, आणि उंदराचे उत्तर पुन्हा माणसांत तपासल्याशिवाय त्याची पुडी बाजारात येऊ देऊ नये.